येऊन राहिला

गावामागच्या लहान तलावाला आम्ही बोडी म्हणतो. त्या काळी आमच्या गावात मोबाईलला रेंज यायची ती फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, आणि तिथंही एका पळसाखाली उभं राहिलं तरच. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी रोज संध्याकाळी त्या पळसाखाली जाऊन उभी राहायचे. लोकांना वाटायचं, नवऱ्याशी बोलायला जाते. नवरा नागपूरला बांधकामावर होता आणि घरातला एकुलता एक मोबाईल त्याच्याच खिशात होता. माझ्या हातात असायचा तो आमच्या बचत गटाचा बटनांचा मोबाईल, आणि मी वाट बघत होते ती ड्रायव्हिंग टेस्टच्या तारखेची.

आमच्या गटात दहा बायका. भाजी आणि शिंगाडे टोपल्यांत भरून आम्ही सडक अर्जुनीच्या बाजारात विकायला न्यायचो. एसटीचा कंडक्टर टोपल्या बघितल्या की तोंड फिरवायचा. तशात एका संस्थेनं आपली जुनी पांढरी व्हॅन आमच्या गटाला वापरायला देऊ केली. बाजाराला माल न्या, अडल्यानडल्या बाईला दवाखान्यात न्या. अट एकच होती. गाडी गटातल्याच बाईनं चालवायची, आणि तिचं शिकाऊ लायसन्स संपायच्या आत पक्कं झालं पाहिजे. नाही झालं, तर गाडी दुसऱ्या गावच्या गटाला जाणार.

विहारात मीटिंग भरली. गाडी कोण चालवणार, असं विचारल्यावर नऊ बायका आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या. दहावी मी. मीही चपलांकडेच बघत होते, पण खिडकीशी उभा असलेला एक पानठेल्यावरचा माणूस खुदकन हसला, आणि माझा हात वर गेला. मला राग पटकन येतो. आयुष्यातल्या निम्म्या चांगल्या गोष्टी मी रागाच्या भरातच केल्या आहेत.

गाडी विहारासमोर येऊन उभी राहिली. चाबी मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि आंघोळीलासुद्धा काढली नाही. पानठेल्यावरून जाताना रोज कोणी ना कोणी म्हणायचं, "देऊन टाका ना चाबी वहिनी, कायले तरास घेता? आमी हावो ना चालवाले." मी म्हणायची, "तुमी पान खा."

शिकवायला घरातच माणूस होता. माझे सासरे, ज्यांना आम्ही सुना मामाजी म्हणतो, त्यांनी गोंदियाच्या एका राईस मिलचा ट्रक जन्मभर चालवला होता. रायपूर, नागपूर, जबलपूर, सगळे रस्ते त्यांना पाठ. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शिकवीन. पन बसू कोठं?"

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे सून सासऱ्याच्या बरोबरीनं बसत नाही. ते खाटेवर बसले तर ती खाली बसते, ते ओट्यावर असले तर ती दाराआड. डोक्यावरच्या पदराचं तर बोलायलाच नको. मग त्यांच्या शेजारी, सीटला सीट लावून, बसायचं कसं? मला चाललं असतं. त्यांना चालत नव्हतं, आणि गाव बघत होतं. शेवटी मामाजींनीच तोड काढली. ते गाडीच्या अगदी मागं, टोपल्या ठेवायच्या जागी, रिकाम्या पोत्यावर बसले आणि हातात काठी घेतली.

इंजिनाच्या आवाजात त्यांचं बोलणं पुढं पोचायचं नाही. दात गेल्यामुळं त्यांचे शब्दही निसटायचे. म्हणून काठी. छताच्या पत्र्यावर एक ठोका म्हणजे गिअर बदल. दोन ठोके म्हणजे ब्रेक. तीन ठोक्यांचा अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही, मी आपोआप समजले. गावाबाहेरच्या खळ्यावर उन्हाळाभर आमची ही शाळा चालली. पोरंठोरं बघायला जमायची आणि मागून पत्रा वाजला की ओरडायची, "अजून दोन, अजून दोन!" मी दोन ठोक्यांवर इतकी तयार झाले की कोणी दार दोनदा ठोठावलं तरी माझा उजवा पाय खाली दाबला जायचा.

उन्हाळ्यातच मी गोंदियाला जाऊन शिकाऊ लायसन्स काढलं. सहा महिने म्हणजे पुष्कळ, असं वाटलं होतं. मग रोवणी आली. गुडघाभर चिखलात वाकून धान लावताना लायसन्स कोणाला आठवतं! मग निंदण, मग हलक्या धानाची कापणी, मग दिवाळी. एका सकाळी पेटीतून कागद काढून बघितला, तर मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. तशीच उठले आणि गोंदियाची बस धरली.

टेस्टची तारीख तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर घ्यावी लागायला लागली होती. बाजारातल्या एका इंटरनेट कॅफेत गेले. तिथले भैया बोलायचे हिंदीत, टायपिंग करायचे इंग्रजीत आणि घाम पुसायचे गमछ्यानं. त्यांनी माझा कागद बघून सगळं भरलं आणि विचारलं, "मोबाइल नंबर, दीदी?" मी गटाचा नंबर दिला. त्यांनी एक चिठ्ठी छापून हातात ठेवली. "इसको सम्हालके रखना. तारीख कन्फर्म होते ही मैसेज आ जाएगा."

"कब आएगा?"

"आ रहा है, समझो."

आ रहा है! मी खूश होऊन घरी आले. पळसाखाली उभी राहिले. मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. गटातल्या बायका विचारायच्या, आणि मी सांगायची, "येऊन राहिला." आमच्या बोलीत येऊन राहिला म्हणजे निघालेला आहे, वाटेवर आहे. अजून पोचलेला नाही, पण येणार नक्की. हे दोन शब्द मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटले की पानठेल्यावर तेच माझं नाव पडलं. मी दिसले की कोणीतरी म्हणायचं, "येऊन राहिला बा, येऊन राहिला."

आता आमच्या गटाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं सगळं पाळीनं चालायचं. वजनकाटा पाळीनं, सतरंज्या पाळीनं, रजिस्टर पाळीनं आणि मोबाईलही पाळीनं. एका बाईकडं एक आठवडा, मग पुढच्या बाईकडं. माझी पाळी संपली आणि मोबाईल खजिनदार मावशीकडं गेला. मावशी साठीच्या घरातली, एकटीच राहायची, आणि गावात तिच्या अंगणाची ख्याती होती. सकाळ-संध्याकाळ झाडलेलं, सारवलेलं. तिच्या अंगणात झाडाचं पान पडलं तर ते जमिनीला लागायच्या आत ती उचलते, असं लोक म्हणायचे. शिवाय तिचं घर बोडीच्या पाळीला लागूनच, म्हणजे रेंज घरबसल्या. मला वाटलं, बरंच झालं.

मोबाईल देताना मी तिला बजावलं, "मावशी, माझा एक मेसेज येऊन राहिला. लई महत्त्वाचा आहे. आला की लगेच आवाज देजो."

"देतो ना वं. मी का बहिरी आहो?"

रोज संध्याकाळी मी विचारायला जायची. ती अंगणात झाडू घेऊन उभी असायची. "आला का?" "नाही वं पोरी." मी परत यायची. शिकाऊ लायसन्सचे दिवस संपत चालले. एकीकडं शेजारच्या गावच्या मंडईची तयारी सुरू झाली होती. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि त्या दिवशी शिंगाड्याला जे गिऱ्हाईक असतं ते वर्षभर नसतं. बायकांनी ठरवून टाकलं होतं की मंडईला माल आपल्याच गाडीतून जाणार. मी त्यांच्या नजरा टाळायला लागले. खरं सांगायचं तर मला झोप लागत नव्हती. गाडी गेली असती तर पानठेल्यावरचं हसणं मी पचवलं असतं, पण त्या नऊ बायकांनी पुन्हा कंडक्टरसमोर टोपल्या घेऊन उभं राहायचं, ते माझ्यामुळं, हे मला सहन झालं नसतं.

मुदत संपायला तीन दिवस उरले तेव्हा मी मावशीच्या हातातून मोबाईल अक्षरशः ओढून घेतला. मेसेजची पेटी उघडली. आत काही नव्हतं. एकही मेसेज नाही. कंपन्यांचे मेसेज तर सगळ्यांनाच येतात, मग इथं एकही कसा नाही?

"मावशी, याच्यात काहीच काऊन नाही?"

"काऊन म्हणजे? रोज झाडतो ना मी!"

"काय झाडतेस?"

"तेच ते इंग्रजीतले. दुकानवाल्यानं सांगतलं होतं, पेटी भरली की फोन बंद पडते. मंग मी सांजच्याला अंगन झाडतो, तवा हेही झाडून टाकतो. रोज येऊन राहिले बाई, रोज मी झाडून राहिली."

मी ओरडले. "अवं, त्याच्यातच माझा मेसेज होता!"

मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मेसेज म्हनजे निरोप ना वं? मले वाटलं आरटीओतून मानूस येईन सांगाले. मी तर रोज रस्त्याकडं पाहून राहिली होती."

त्या दिवशी मी तिला जे बोलले ते आठवलं की आजही मान खाली जाते. तिच्यापेक्षा निम्म्या वयाची मी, आणि भर अंगणात तिला अडाणी म्हटलं. तिनं झाडू भिंतीला टेकवला, लुगडं बदललं, दाराला कडी लावली आणि म्हणाली, "चाल. कोठं जा लागते ते सांग."

दुपारच्या बसनं आम्ही दोघी गोंदियाला गेलो. कॅफेवाल्या भैयांनी चिठ्ठीवरचा नंबर टाकला, चष्मा वर केला, खाली केला.

"अरे दीदी, आपका तो कन्फर्म हो गया है. मैसेज भी गया है, पाँच दिन पहले."

"तारीख?"

"कल की है. सुबह ग्यारह बजे."

मावशीनं माझा हात धरला. मी तिला म्हटलं, "उद्या आहे मावशी. गेली नाही." आणि मग आम्ही दोघी त्या कॅफेत, चार अनोळखी पोरांसमोर, वेड्यासारख्या हसत सुटलो. भैयांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मला तेव्हा जे हलकं वाटलं, तसं पुढं कितीतरी वर्षं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन धुतली, पुढंमागं शिकाऊची लाल अक्षराची पाटी लावली. मावशी हट्टानं मागच्या पोत्यावर जाऊन बसली. मी चाबी गळ्यातून काढली आणि बघते तर मामाजी मागं जायच्या ऐवजी पुढचं दार उघडून उभे. धुतलेलं धोतर, खिशात त्यांचं जुनं लायसन्स, हातात काठी.

"आज आरटीओत जाऊन राहिलो," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "कायदा म्हनते, शिकवनारा बाजूले बसला पायजे."

आणि ते बसले. माझ्या शेजारी, सीटला सीट लावून. पानठेल्यासमोरून गाडी गेली तेव्हा सगळ्या माना एकदम वळल्या. मी पदर आणखी पुढं ओढला आणि गिअर टाकला.

कोहमाऱ्याहून गोंदियाकडं वळलं की मधे जंगलाचा पट्टा लागतो. तिथं मामाजी पहिल्यांदा बोलले. "मांगचा ट्रक दिसून राहिला का?"

मी आरशात बघितलं. आरशाच्या अर्ध्या भागात रस्ता होता आणि अर्ध्या भागात माझा पदर. "नाही, मामाजी."

"मंग पदर खाली घे. आरसा दिसत नाही त्यानं."

मी ऐकलं न ऐकलं केलं. चौदा वर्षांत त्यांच्यासमोर माझं डोकं कधी उघडं नव्हतं. त्यांनी काठीनं पायाखालचा पत्रा तीनदा ठोकला. मी एका हातानं पदर खांद्यावर घेतला आणि आरशात तो ट्रक दिसला, चांगला जवळ आलेला. "आता रोज असाच," मामाजी म्हणाले, "आन ब्रेकच्या आधी आरसा. नेहमी." माझे डोळे भरून आले होते, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

टेस्ट घेणारे साहेब तरुण होते, बोलण्यावरून पुण्याकडचे वाटले, नुकतेच बदलून आलेले असावेत. मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. मोटरसायकलवाल्यांचं झालं, मग माझं नाव पुकारलं. साहेब हातात पॅड आणि पेन घेऊन शेजारी बसले. मामाजी आणि मावशी कुंपणाशी उभे राहिले.

"हं, सुरू करा ताई."

"करून राहिली, साहेब."

"पुढं घ्या."

"घेऊन राहिली."

"अहो, राहिली राहिली काय? राहू नका, घ्या!"

गाडी तर निघालेली होती. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि पॅड सावरून धरलं. मी रेषांमधून गाडी मागं घेतली, वळवली, एकाही रेषेला चाक लागू दिलं नाही. मग त्यांनी बाहेरच्या रस्त्यावर घ्यायला सांगितलं. रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. माझा जीव थोडा थोडा जागेवर यायला लागला. साहेब पॅडवर काहीतरी लिहीत होते, आणि लिहिता लिहिता विचार करत त्यांनी पेन पॅडवर ठोकलं. टक टक. दोनदा.

माझी नजर आरशात गेली आणि पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी. साहेबांचं पेन उडून काचेला लागलं.

"काय झालं? ब्रेक का मारला?"

"तुमीच ठोकलं ना साहेब. दोनदा."

ते माझ्याकडं बघत राहिले. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. सासरे बाजूला बसत नाहीत, मागून काठी ठोकतात, एक म्हणजे गिअर, दोन म्हणजे ब्रेक. सांगतानाच मला कळून चुकलं होतं की गाडी गेली. मंडई, शिंगाडे, नऊ बायका, सगळं त्या पेनाच्या दोन ठोक्यांत गेलं. साहेबांनी वाकून पेन उचललं.

"आणि तीन ठोके म्हणजे?"

"ते शिव्या, साहेब."

ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. "चला, परत घ्या मैदानात."

मैदानात येऊन मी गाडी उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. कुंपणाशी मामाजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मावशीनं तोंडाला पदर लावला होता. साहेब लिहीत होते. मला राहवलं नाही.

"साहेब, पास होऊन राहिली का मी?"

त्यांनी सही केली, कागद फाडून माझ्या हातात दिला. "होऊन राहिल्या नाही, ताई. झालात." मग दार उघडता उघडता म्हणाले, "ब्रेक मारायच्या आधी तुम्ही आरशात पाहिलंत. घाबरलेला माणूस आरशात पाहत नाही. शिकवणाऱ्याला माझा नमस्कार सांगा."

मी मामाजींना निरोप सांगितला. त्यांनी काठीनं व्हॅनच्या छतावर एकच ठोका दिला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मावशी मात्र आरटीओच्या मैदानात भेटेल त्याला सांगत सुटली, "आमची पोरगी झाली! पास झाली!" सगळ्यांना, त्यात एका चहावाल्याला दोनदा.

मंडईच्या दिवशी सकाळी व्हॅनमध्ये शिंगाड्याच्या टोपल्या चढल्या आणि टोपल्यांच्या मधे मधे बायका. पदर खांद्यावर घेऊन मी पानठेल्यासमोरून गाडी अगदी सावकाश नेली. मुद्दाम. ज्यांना हसायचं होतं त्यांना नीट दिसावी म्हणून. कोणी हसलं नाही. एकानं तर हात वर केला, आणि मी हॉर्न वाजवला.

पुढच्या सीटवर मावशी होती. मोबाईलची पाळी अजून तिचीच होती. गाडी बोडीच्या पाळीवर चढली, पळसाजवळ आली, आणि तिच्या हातातला मोबाईल वाजला. तिचा अंगठा सवयीनं बटनावर गेला आणि तिथंच थांबला. तिनं मोबाईल दोन्ही हातांनी, प्रसादासारखा, माझ्यापुढं धरला.

"इंग्रजीत आहे वं. पाह्य बरं."

मी आरशात बघितलं, ब्रेक लावला, गाडी पळसाखाली उभी केली आणि वाचलं. लायसन्स मंजूर झालं होतं आणि पोस्टानं निघालं होतं. मागच्या आठही जणींना मी मोठ्यानं मराठीत सांगितलं, आणि त्या टोपल्यांच्या मधून जो आवाज उठला तो मंडईपर्यंत पोचला असेल.

आवाज थांबल्यावर मावशीनं हळूच विचारलं, "आता झाडू का?"

"झाड, मावशी," मी म्हटलं, आणि पहिला गिअर टाकला.